डागाला कर्ता असतो

लहान प्रमाणातील लष्करी वाहने बनवणाऱ्यांच्या बोलण्यात एक इंग्रजी शब्द सतत येतो : वेदरिंग. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून ट्रक जोडायचा, त्याला ऑलिव्ह हिरवा रंग द्यायचा, आणि मग तो कोरा ट्रक वापरलेला, पावसात भिजलेला, उन्हात विटलेला दिसावा म्हणून त्यावर पुन्हा काम करायचे. या दुसऱ्या टप्प्याला वेदरिंग म्हणतात. आम्ही, म्हणजे नांदेड आणि लातूर येथे साहित्य शिकवणारे आणि सुट्टीत या उद्योगात रमणारे काही जण, या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत होतो. तो मिळाला नाही. पण तो का मिळत नाही याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. ती ट्रक रंगवणाऱ्यांपेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक उपयोगाची आहे असे आमचे मत झाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

साहित्यचर्चेत हा पोरखेळ कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना भरतमुनींची आठवण करून द्यावीशी वाटते. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव. यांपैकी पुस्त म्हणजे रंगभूमीसाठी केलेल्या प्रतिकृती. डोंगर, वाहने, विमाने, ढाली, चिलखते, ध्वज हे सारे त्यात येते. म्हणजे वाहनाची प्रतिकृती करणे ही गोष्ट भरताने खेळण्यांत जमा केलेली नाही. अर्थ प्रेक्षकापर्यंत नेण्याच्या साधनांत तिला जागा दिली आहे. आपल्याकडेही पोळ्याला मातीचे बैल होतात, गणपतीत देखावे उभे राहतात, दिवाळीत मुले किल्ला करतात आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवतात. अळिवाचे रोप म्हणजे गवत नव्हे हे त्या मुलांना पक्के ठाऊक असते. पण किल्ल्याच्या मापाला तेच गवत शोभते, हेही ठाऊक असते. प्रमाण बदलले की खरेपणाचे नियम बदलतात, हा सौंदर्यशास्त्रातला धडा ती मुले पुस्तकाविना शिकलेली असतात.

आता कामाचा क्रम थोडक्यात सांगतो. लष्करी वाहनांच्या प्रतिकृतींत सर्वांत रूढ प्रमाण एकास पस्तीस. जपानच्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये पँथर रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. तिच्यात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत या हिशेबाने जो आकार ठरला तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाइतका भरला, आणि पुढे सारे जग त्याच मापाने ट्रक-रणगाडे करू लागले. सांध्यांत लांबी भरून पॉलिश पेपरने घासायचे, अस्तराचा हात द्यायचा, मग मूळ रंग. त्यावर खुणा आणि क्रमांक. येथवरचे काम हे रंगकाम. यानंतर अतिशय पातळ गडद रंग खाचाखोचांत सोडतात, त्याला वॉश म्हणतात. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळतात, तो ड्राय ब्रश. स्पंजाच्या तुकड्याने रंगाचे टवके उडाल्याचा भास करतात, ते चिपिंग. शेवटी बारीक पूड लावून धूळ आणि चिखल. बेल्जियमचे फ्राँस्वा व्हर्लिंडेन आणि अमेरिकेचे शेपर्ड पेन यांनी १९७० नंतरच्या काळात ही पद्धत जगभर पोहोचवली. पेन यांनी वाहन एकटे न ठेवता जमिनीच्या तुकड्यावर, माणसांसह, एखाद्या प्रसंगात मांडण्याची कला शिकवली. नंतर स्पेनमधील कारागिरांनी रंगांच्या थरांचे आणि पुडींचे तंत्र पुष्कळच पुढे नेले.

आता शब्दाकडे वळू. मराठीत वेदरिंगला एक शब्द नाही, याचे कारण मराठीत त्यासाठी आठ-दहा शब्द आहेत. कापड मळते. रंग विटतो. पायरी झिजते. लोखंड गंजते. भिंतीला पोपडे येतात. कंदिलाला काजळी धरते. भांडे काळवंडते. लाकूड कुजते. शाळेतल्या भूगोलाने खडकांसाठी 'विदारण' हा शब्द दिला आहे, पण तो खडकांपुरताच. या क्रियापदांची गंमत अशी की प्रत्येकात कारण दडलेले आहे. मळते ते वापराने, विटते ते उन्हाने नाहीतर धुण्याने, झिजते ते घासण्याने, गंजते ते ओलीने, काजळी धरते ती धुराने. इंग्रजी शब्द सारे ओझे हवामानावर टाकून मोकळा होतो. मराठी बोलणारा माणूस शब्द निवडतानाच निदान करून बसतो. 'सदरा विटला' आणि 'सदरा मळला' या दोन वाक्यांत दोन वेगळ्या दिवसांचा इतिहास आहे.

आणखी एक व्याकरणाचा मुद्दा. मळणे, विटणे, झिजणे, गंजणे ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत. वस्तू आपली आपण मळते. कोणी तिला ठरवून मळवीत नाही. प्रतिकृती करणारा मात्र ही सारी क्रियापदे प्रयोजक करून टाकतो. तो मळवतो, विटवतो, झिजवतो, गंजवतो. काळाला जे काम करायला पाच वर्षे लागतात ते तो रविवारच्या दुपारी उरकतो. प्रयोजक क्रियापदात दोन कर्ते असतात : करणारा आणि करविणारा. करविणारे आम्ही, हे उघड आहे. पण करणारा कोण? हा डाग डिझेलने पडला, की चिखलाने, की फाळक्यावर चढणाऱ्या बुटांनी? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही त्याने कुंचला खाली ठेवावा असे आमचे स्पष्ट मत आहे. कारणावाचून लावलेला डाग ही नक्षी झाली. नक्षीला आमचा विरोध नाही. नक्षीला वास्तव म्हणण्याला आहे.

हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की डागांचा तयार माल आता कुपीत मिळतो. 'युरोपची माती', 'उत्तर आफ्रिकेची धूळ' अशा नावांच्या पुडी विकत मिळतात, गंजाच्या तीन-चार छटा मिळतात, आणि त्या वापरायच्या कशा हे दाखवणारी चित्रेही मिळतात. चित्रांबरहुकूम काम केले की ट्रक झकास दिसतो. फक्त तो कुठला आणि कधीचा हे सांगता येत नाही. मराठवाड्याच्या मातीची कुपी अर्थातच कोणी काढलेली नाही. आणि आमच्या मुलखात ज्या लष्करी ट्रकांची आठवण सर्वांत खोल आहे ते ट्रक या कुप्यांनी रंगवले, तर ते हमखास वाळवंटातले दिसतात.

ते ट्रक म्हणजे सप्टेंबर १९४८चे. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरली आणि नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेऊन पुढे सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हाच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली याच तारखेला स्थापन झाले. या फौजेपाशी जी वाहने होती ती बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या शिल्लक साठ्यातली : कॅनडात बनलेले फोर्ड आणि शेव्हर्ले, इंग्रजी बेडफर्ड, अमेरिकन जीप. म्हणजे १९४८ साली त्यांचे वय तीन ते आठ वर्षे.

आता पंचांग पाहावे. सप्टेंबरचा मध्य म्हणजे भाद्रपद. शेतात ज्वारी आणि कापूस उभा, ओढ्यांना पाणी, आणि पायाखाली काळी ओली. या दिवसांत मराठवाड्यात धूळ कुठली उडणार? मुख्य रस्ता सोडून ट्रक कडेला उतरला की आमची माती काय करते हे येथल्या कोणत्याही बैलगाडीवाल्याने सांगितले असते : ती चाकाला लपेटते, मडगार्डाच्या आत थापली जाते, पाट्यांच्या फटीत जाऊन बसते आणि चाक जड करते. म्हणून १९४८च्या ट्रकावर धुळीचा फिकट थर बॉनेटवर नको. चिखल हवा, तोही खालच्या अंगाला, पुढच्या चाकांच्या मागे उडालेला. टपावर आणि ताडपत्रीवर पावसाने धुऊन निघाल्याच्या उभ्या रेघा हव्यात. चिखलाचा रंगही एक नको. काळी माती ओली असताना जवळजवळ काळी दिसते, वाळली की राखाडी-तपकिरी होते आणि भेगाळते. तेव्हा चाकाशी ओला गडद थर, वर कडेला वाळत चाललेला फिकट थर, अशी चढण दाखवली पाहिजे.

ही माती बाजारात नाही म्हणून अडत नाही. शेतातली मूठभर माती उन्हात वाळवावी, तव्यावर भाजून घ्यावी म्हणजे तिच्यातला ओलावा आणि पाल्याचा अंश जातो, मग खलात कुटून वस्त्रगाळ करावी. वस्त्रगाळ हा वैद्यांचा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. अर्ध्या मिलिमीटरचा कण एकास पस्तीस या प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरचा, म्हणजे खडा होतो. नुसत्या चाळणीने काढलेली माती चिखलासारखी न दिसता खडीसारखी दिसते. गाळलेली पूड बिनचकाकीच्या व्हार्निशात कालवली की गडद होते. म्हणून वाळलेल्या चिखलासाठी तीत थोडा राखी रंग मिसळावा लागतो. म्हणजे खरी माती लावूनही ती खरी दिसावी म्हणून तिला रंगवावे लागते. अनुकरणाच्या सिद्धांतावर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा ही एक वाटी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटू लागले आहे.

मातीचा क्रम हाही विचार करण्याजोगा. मुख्य फौज पुढे उमरगा, राजेश्वर, जहीराबाद या वाटेने हैदराबादकडे गेली. बिदर-जहीराबादच्या पठारावर जांभ्याची तांबडी माती आहे. तेव्हा त्या टोकाला पोहोचलेल्या ट्रकाच्या मडगार्डात आतला थर काळा आणि बाहेरचा तांबडा असणार. लातूरच्या बाजूला वळलेल्या ट्रकावर तांबडा थर येणार नाही. चिखलाचे थर आतून बाहेर असे वाचायचे असतात. तो त्या गाडीचा प्रवासवृत्तांत असतो. दोन रंग एकमेकांशेजारी खुलतात म्हणून तांबडा लावला आणि ट्रक लातूरचा म्हटला, तर प्रवासवृत्तांत खोटा झाला.

गंजाबद्दल तर बोलायलाच हवे, कारण आजच्या प्रतिकृतींत गंजाचा अतिरेक झाला आहे. चालू सेवेतला लष्करी ट्रक गंजलेला नसतो. त्याचा चालक त्याला पुसतो, तेल-पाणी करतो, टवका उडाला तर रंगाचा हात मारतो. गंज असतो तो सायलेन्सरवर, जेथे उष्णतेने रंग टिकत नाही. बाकी झीज असते ती वापराच्या जागी : दाराच्या मुठीभोवती, पायरीच्या मध्यावर, फाळक्याच्या वरच्या कडेवर, जेथे शेकडो वेळा बूट टेकले आहेत. ताडपत्री वरून विटलेली आणि घड्यांत मूळ रंगाची. फाळणीत लष्कराच्या वाहनांचीही वाटणी झाली होती; तेव्हा अशा ट्रकावर जुनी खूण झाकणारा, किंचित निराळ्या छटेचा हिरवा चौकोन कारणासह शोभेल. गंजाने खाल्लेली, पत्र्याला भोके पडलेली गाडी हवी असेल तर खुशाल करावी, पण ती भंगारात उभी करावी. मोहिमेवर पाठवू नये.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वजनदार आहे. लहान वस्तूवर प्रकाश आणि सावली मोठ्या वस्तूसारखी पडत नाही. खरा ट्रक आपण काही पावलांवरून पाहतो तेव्हा मध्ये हवा असते, रंग मवाळ होतात. प्रतिकृती हातभर अंतरावर असते. म्हणून रंग थोडे फिकट करावे लागतात, सावल्या थोड्या वाढवाव्या लागतात, नाहीतर ट्रक खेळण्यातला दिसतो. म्हणजे अतिशयोक्ती अपरिहार्य आहे. मग कारणाचा एवढा बाऊ कशाला? आमचे उत्तर असे की अतिशयोक्ती हा अलंकार आहे आणि अलंकाराला अलंकार्य लागते. जी झीज तेथे होणारच होती ती दुप्पट दाखवा; जी होणारच नव्हती ती निम्मीदेखील दाखवू नका. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेत संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे सांगितली. ट्रकाच्या रंगसंगतीला ती उत्तम लागू पडतात. पण एवढ्यानेच भागत असते तर आफ्रिकेची धूळ भाद्रपदातल्या नळदुर्गलाही चालली असती, कारण हिरव्यावर ती फार सुरेख दिसते. प्रतिकृतीला रचनेच्या नियमांबरोबरच एका घडून गेलेल्या गोष्टीशी इमान राखायचे असते. ऐतिहासिक आणि ग्रामीण कादंबरीलाही तेच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मराठवाड्यावरच्या लेखनातही कुप्या आहेत. दुष्काळाची एक कुपी, भेगाळलेल्या जमिनीची एक, टँकरची एक, आणि बोलीची तर मोठी बाटलीच. कथा मुळात कोठलीही असो, वरून या कुप्यांतले थोडे थोडे शिंपडले की ती मराठवाड्याची होते, असा समज रूढ झालेला आहे. संवादात चार क्रियापदे बोलीतली, निवेदन मात्र प्रमाण भाषेतले इस्त्री केलेले. म्हणजे कोऱ्या ट्रकावर स्पंजाने उडवलेले टवके. दुष्काळ खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुष्काळ हे कारण आहे, रंग नव्हे. तो कुटुंबाच्या कोणत्या फाळक्यावर झिजलेला दिसतो, मुलीच्या शाळेत की म्हाताऱ्याच्या औषधात की विकलेल्या बैलात, हे ज्याने पाहिले त्याच्या कथेत भेगाळलेली जमीन नसली तरी चालते. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) अजून टिकून आहे याचे एक कारण आमच्या मते हेच : तीत बोली वरून लावलेली नाही, सगळे सांगणेच त्या बोलीत आहे. तेथे भाषा मळवलेली नाही. ती राबून मळली आहे.

दुसरा ट्रक १९९३चा. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजलेले असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे मूळ जागा सोडून नव्याने वसवावी लागली. मदतीला लष्कर आले. त्या काळी लष्कराच्या सेवेत जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक होते. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे उत्पादन सुरू झाले आणि १९९०च्या दशकापर्यंत चालले. रंग तोच हिरवा, महिना तोच सप्टेंबर, मुलूख तोच, आणि पाऊसही होता. मग १९४८च्या ट्रकाला लावलेली वस्त्रगाळ काळी माती याला चालेल काय?

आमचे उत्तर, नाही. आणि ते आमच्याच भाषेत आधीपासून लिहून ठेवलेले आहे. गावगाड्याच्या मराठीत जमिनीचे दोन भाग असतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. १९४८चे ट्रक काळीतून आले. १९९३चे ट्रक पांढरीत शिरले. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर मातीचे जड माळवद. हीच घरे कोसळली आणि माणसे त्याखाली गेली. ढिगारे उपसणाऱ्या ट्रकावर जी माती बसते ती भिंतींची आणि माळवदाची असते : फिकट, पिठासारखी, पावसाने राखी झालेली. ती चाकांपुरती राहत नाही. ती वरून पडते. हौद्यात, फाळक्यावर, मुठींवर, जेथे माणसांचे हात लागले तेथे ती असते. पहिल्या ट्रकाची माती खालून वर चढली आहे, दुसऱ्याची वरून खाली उतरली आहे. एवढा फरक साधला तर पाहणाऱ्याला पाटी वाचावी लागणार नाही. दोन्ही ट्रक शेजारी ठेवून पाहावेत; 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द ज्याला माहीत आहेत तो क्षणभर तरी थबकेल.

येथपर्यंत काम सोपे होते. अवघड भाग पुढे आहे आणि तो टाळून हा लेख संपवणे आम्हांस योग्य वाटत नाही. १९४८च्या कारवाईला सरकारी नाव होते पोलीस अ‍ॅक्शन. ट्रक लष्कराचे, नाव पोलिसांचे. हा पहिला रंगाचा हात. त्यामागे राजकीय कारण होते, ते समजण्याजोगेही आहे. पण तो रंग आहे हे साहित्याच्या विद्यार्थ्याने ओळखलेच पाहिजे. रझाकारांनी या मुलखात जे अत्याचार केले ते घराघरांत सांगितले जातात आणि ते खरे आहेत. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करीत असे, म्हणजे ती आग बाहेरून आलेली नव्हती. ट्रक आले तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. हेही खरे आणि हा आनंद कोणी कमी लेखू नये.

परंतु ट्रक पुढे गेल्यावर मागे काय झाले? केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. त्यांच्या समितीने कारवाईदरम्यान आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत मुख्यतः मुसलमान होते. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्याबरोबर नांदेडचे नाव होते; लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. अहवालाने लष्करी अधिकाऱ्यांच्या एकंदर शिस्तीची प्रशंसाही केली आणि काही ठिकाणी सैनिक-पोलिसांचा हिंसेत व लुटीत सहभाग असल्याचेही नोंदले. तो कित्येक दशके अधिकृतपणे प्रसिद्ध झाला नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२-१९८२) नाट्यशास्त्रावरही लिहिले आणि हैदराबादच्या मुक्तीवरही. आपल्याच बाजूच्या इतिहासाची चिकित्सा करण्याला न घाबरणारी परंपरा आमच्या गावाला आहे, एवढे त्यांच्या नावावरून स्मरावे.

मग १७ सप्टेंबरच्या चित्ररथावर जो हिरवागार, चकचकीत ट्रक उभा असतो त्याचे काय करायचे? काही जण म्हणतील, त्यावर रक्त दाखवा. आम्हांस ते मान्य नाही. ट्रकावर रक्ताचे शिंतोडे उडवणे ही पुन्हा कुपीच झाली, भीषणतेची कुपी. जे घडले ते बहुतांशी ट्रक निघून गेल्यावर, गल्ल्यांत आणि वाड्यांत, एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या माणसांकडून घडले. त्याचा डाग ट्रकावर लावणे म्हणजे त्यांना मोकळे सोडणे. डागाला कर्ता असतो, हे आमचे सूत्र येथे आम्हांलाच बांधते. ट्रकावर ट्रकाचाच चिखल असावा.

जे सांगायचे ते जमिनीच्या तुकड्यावर सांगावे. शेपर्ड पेन यांनी दिलेली सोय येथे कामी येते. प्रतिकृती करणारे सहसा ट्रक मधोमध उभा करतात, भोवती रस्ता, एखादे झाड, हात हलवणारी माणसे. आमची सूचना अशी की ट्रक तुकड्याच्या अगदी पुढच्या कडेला, जवळजवळ बाहेर पडताना दाखवावा. हात हलवणारी माणसे असू द्यावीत, कारण ती होती. आणि त्याच्या मागे रस्ता लांबवर ठेवावा : चाकोऱ्यांत साचलेले पाणी, दोन्ही बाजूंना घरे, काही दारे उघडी, काही बंद. उघडी दारे कोणाची आणि बंद कोणाची हे पाहणाऱ्याने विचारावे. सोबतच्या कागदावर त्यावरील प्रत्येक खुणेचे कारण लिहावे : हा चिखल नळदुर्गचा, ही झीज बुटांची, हा चौकोन फाळणीचा, ही दारे अहवालातली.

असा एक तुकडा नांदेडच्या आणि एक लातूरच्या महाविद्यालयात पुढच्या १७ सप्टेंबरला मांडला जावा, आणि त्याच्या शेजारी पांढरीच्या मातीने माखलेला १९९३चा शक्तिमान असावा, अशी आमची इच्छा आहे. आणि मराठीच्या वर्गात, कथा शिकवताना, विद्यार्थ्यांकडून एक छोटे काम करून घ्यावे. कथेत जेथे जेथे काही मळले, विटले, झिजले असे लेखकाने म्हटले आहे तेथे समासात एकच शब्द लिहावा : कशाने. जेथे उत्तर सापडेल तेथे लेखकाला दाद द्यावी. जेथे सापडणार नाही तेथे समास रिकामा सोडावा आणि शेवटी रिकाम्या जागा मोजाव्यात.